रडारवरचा कल्याण आणि गावकीचं पातेलं

पाथर्डीकडच्या त्या गावात कुणाचंही लग्न असो, गावकीच्या भांड्यांची किल्ली लंकाबाईच्या कमरेला असायची. तो तिचा मान होता. त्यामुळे आबासाहेबांच्या नातवाचं लग्न तीन दिवसांवर आलं आणि सर्वांत मोठं जर्मलचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं, पातेलं समाजमंदिराच्या खोलीत सापडेना, तेव्हा तिचं धाबंच दणाणलं.

"दोनशे मानसांची भाजी काय तांब्यात शिजवू?" आबासाहेब म्हणाले. "तुमाला झेपत नसंल तर किल्ली झुंबरबाईकडं देऊ."

झुंबरबाईचं नाव निघाल्यावर लंकाबाईची जीभ सुटली. "माझा कल्याण समुद्राकाठी रडारवर हाय. ढग बघतो, इमानं बघतो. त्याला पातेलं दिसायचं न्हाई व्हय? आजच इचारते."

आणि तिने खरंच लेकाला फोन लावला.

"आई, रडारला घरातली भांडी न्हाई दिसत," कल्याण म्हणाला.

"इमान दिसतं आन् पातेलं न्हाई? दोनीबी जर्मलचीच की."

गावात मात्र तिने सांगितलं, "बघतो म्हनलाय." यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला असं नाही, पण विषाची परीक्षा कोण घेणार? दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिराच्या पायरीवर चार झारे, सहा तांबे, शाळेची घंटा आणि गोरक्षचा तीन वर्षांपूर्वी हरवलेला फवारणीचा पंप येऊन बसला होता. झुंबरबाई तर स्वतः परात घेऊन आली. "चुकून ऱ्हायली हुती. कल्याणला तेवढं सांगा," ती म्हणाली.

पातेलं तेवढं आलं नव्हतं. लंकाबाईने रडवेली होऊन पुन्हा फोन लावला. "बाळा, आता माझी किल्ली जाती रं."

"एक कान तुटलेलं पातेलं का?"

"व्हय."

"मंग ते आपल्याच माळ्यावर हाय. दिवाळीला तूच त्यात बाजरी भरलीस आन् मला वर चढवाय लावलं."

लंकाबाईला क्षणभर मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण क्षणभरच. "बघ, दिसतंय की तुला," ती म्हणाली, "उगंच न्हाई न्हाई म्हनत हुतास."

दुपारी घासून लख्ख केलेलं पातेलं समाजमंदिरात पोचलं.

"कुनाच्या घरात घावलं?" आबासाहेबांनी विचारलं.

"कल्याणला समदं दिसलं. पर नाव इचारू नका. लग्नाच्या तोंडावर कुनाची अब्रू कशाला घालवायची?"

आबासाहेब घाईघाईने घराकडे निघाले. किल्लीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. अर्ध्या तासाने त्यांच्या घरून गावकीच्या दोन कढया आल्या.