जावईबापूंची हरकत

चार माणसांनी मिळून बसायचा बार कधी निवडला जात नसतो. बाकीचे सगळे नाकारून झाले की जो उरतो, त्याला निवडलेला बार म्हणतात. (सोफ्याचं कापड आणि समितीचा अध्यक्ष यांची निवडही साधारण याच मार्गाने होते.) एकट्या माणसाला ही अडचण नसते. दिसेल त्या पहिल्या दारात तो शिरतो आणि सुखी होतो. परंतु त्याच्या सुखाला कोणी साक्षीदार नसल्यामुळे ते अधिकृत धरता येत नाही.

ज्या भागातली ही हकिगत आहे, तिथे बारांची नुसती रेलचेल होती. दोन बारांच्या मध्ये चुकून एखादं चपलांचं दुकान राहिलंच, तर त्याचा मालक ओशाळून "आमचं अजून व्हायचंय" असं सांगे. संध्याकाळी पाट्या पेटल्या की पदपथावर घोळके उभे राहत. लांबून बघणाऱ्याला वाटे, काय मजा चालली आहे! मजा वगैरे काही नसे. ते ठरवत असत. एका पाहणीनुसार (ही पाहणी कोपऱ्यावरच्या फुलवालीने स्टुलावर बसल्या बसल्या केली होती) त्या भागात येणाऱ्या दर दहा माणसांपैकी तीन आत बसतात, सहा बाहेर उभे राहून ठरवतात आणि एक जण फोनवर "पण तुम्ही नेमके आहात कुठे?" असं विचारत फिरत असतो.

अशाच एका घोळक्यात त्या संध्याकाळी जावईबापू उभे होते.

जावईबापू हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा होता. पोटापाण्यासाठी ते एका कचेरीत ना-हरकत विभागात होते. कोणाला गच्चीवर पत्रे टाकायचे असोत की तळघरात शिकवणी काढायची असो, अर्ज त्यांच्या टेबलावर येई आणि ते त्यावर 'हरकत नाही' असं लिहून खाली सही करत. हरकत असलेले अर्ज शेजारच्या टेबलावर जात. तिथले गृहस्थ वेगळे होते आणि त्यांची प्रकृतीही उत्तम होती. इतकी वर्षं हेच लिहिल्यावर हाताबरोबर जीभही वळते. चहात साखर विसरली? हरकत नाही. पायावर पाय पडला? हरकत नाही. लग्न ठरताना "मुलगी पसंत आहे ना?" या प्रश्नालाही त्यांनी हेच उत्तर दिलं होतं, आणि ते बायको अजून विसरलेली नाही.

बायको तीन भावांच्या पाठीवर झालेली, त्यामुळे सासुरवाडीत जावईबापूंचा मान फार मोठा. ते आले की टीव्ही बंद होई. कपबशी जोडीची मिळे. हात पुसायला कडक नवा टॉवेल, ज्याने पाणी जागचं हलत नाही. एरवी त्या घरात तिघे भाऊ एकमेकांना गाढव म्हणून सुरुवात करत आणि तिथून वर चढत, पण जावईबापूंचं पाऊल उंबऱ्यात पडलं की भांडण अर्ध्या शब्दात थांबे आणि तिघे एका सुरात म्हणत, "या, बसा. काय घेणार तुम्ही?"

एकदा मात्र त्यांनी दाराबाहेरून एक गोष्ट ऐकली. धाकटे सोफ्यावर पसरले होते आणि थोरले त्यांना म्हणाले, "सरक तिकडे." एवढंच. धाकटे सरकले, थोरले बसले. जावईबापूंच्या मनात आलं, लग्नाला दोन वर्षं झाली, या घरात आपल्याला कोणी कधी 'सरक' म्हणालं नाही, आणि असंच चाललं तर म्हणणारही नाही. एका अख्ख्या सोफ्यावर मधोमध एकटं बसून म्हातारं होण्याची त्यांना भीती वाटायला लागली.

म्हणून तिन्ही मेहुण्यांनी "आज आपण चौघेच बाहेर जाऊ" असं म्हटल्यावर त्यांना फार आनंद झाला. निघताना बायकोने शर्टाची कॉलर नीट करत बजावलं, "तिथे नुसतं हो ला हो करत बसू नकोस. माझे भाऊ आहेत ते."

"हरकत नाही," जावईबापू म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशीच पहिला बार होता. दार उघडं, आत डुगडुगणारी स्टुलं, कोपऱ्यात एक जण मनापासून गात होता आणि शेजारचे त्याला मनापासून गप्प बसवत होते. स्टुलं इतकी जवळजवळ होती की सरकल्याशिवाय कोणाला बसताच येऊ नये. जावईबापूंचा जीव त्या बारवर तिथल्या तिथे जडला.

"हां, बोला," थोरले म्हणाले. "आज जावईबापू म्हणतील तिथे."

"मला काय, कुठेही चालेल."

"बघा! किती सरळ माणूस," मधले म्हणाले, आणि तिघांनी त्यांच्याकडे सरळ माणसाकडे बघतात तसं, म्हणजे जरा लांबून, बघितलं.

यानंतर कामकाज सुरू झालं. त्या घराण्याची कार्यपद्धती अशी होती की कोणीही काहीही सुचवावं, आणि त्याला हरकत घेण्याचा अधिकार प्रत्येकाला अमर्याद असावा.

थोरले लिफ्टची दुरुस्ती करत. त्यांना वरच्या मजल्यावरचे बार चालत नसत. जी लिफ्ट दुसऱ्या कोणी दुरुस्त केली होती तिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि जी त्यांनी स्वतः केली होती तिच्यावर तर मुळीच नव्हता. जिन्याने जाऊ, असं सुचवलं तर त्यांचा चेहरा पडे. "जिनाच चढायचा, तर मी आयुष्यभर केलं काय?" तळघरातल्या बारांनाही त्यांचा विरोध होता. खाली गेलेली गोष्ट वर येईलच, असं त्यांच्या धंद्यात कोणी लिहून देत नसे.

मधले दातांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना याच गल्लीत होता आणि गल्लीतल्या बहुतेक लोकांना दात होते, ही त्यांची अडचण. ज्यांचं काम अर्धवट राहिलं होतं ते मधल्यांना बघताच मेनूकार्डामागे तोंड लपवत, आणि ज्यांचं पूर्ण झालं होतं ते एका हातात ग्लास धरून दुसऱ्या हाताने गाल ताणत टेबलाशी येत. "डॉक्टर, आता आलेच आहात तर जरा बघता?"

धाकटे विमा कंपनीत होते. वाईट काय काय होऊ शकतं हे वाचण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे प्रत्येक बारबद्दल लोकांनी काय लिहिलंय ते ते फोनवरून मोठ्याने वाचून दाखवत. "'बर्फ फार गार होता.' एक तारा." किंवा, "'बायकोबरोबर गेलो, मजा आली नाही.' दोन तारे." ज्या बारबद्दल वाईट लिहिलेलं, तो वाईट. ज्याच्याबद्दल चांगलं लिहिलेलं, ते मालकाच्या मेहुण्याने लिहिलेलं. (इथे चौघेही आपापल्या चपलांकडे बघू लागले.) आणि ज्याच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, तिथे गेलेलं कोणी परत आलेलं नाही.

अशा रीतीने गल्लीची एक फेरी झाली, दुसरी झाली. पाय दुखायला लागले. डुगडुगत्या स्टुलांच्या बारवरून जाताना जावईबापू दर वेळी चाल जरा मंद करत. पण त्यांनी सुचवलं काहीच नाही, आणि त्या बारमध्ये मधल्यांची एक रूट कॅनाल बसलेली होती. प्रत्येक नव्या दाराशी तिघे वळून विचारत, "जावईबापू, इथे चालेल?" ते म्हणत, "हरकत नाही." मग तिघे हरकत घेत आणि पुढे निघत. तिघे भांडत, एकमेकांच्या पाठीत धपाटे घालत, आणि जावईबापूंना मात्र दोन्ही हातांनी "तुम्ही असे या, इकडे खड्डा आहे" म्हणत. खड्ड्यात पडलेलं परवडलं, असं त्यांना वाटून गेलं.

शेवटी तर्कशास्त्राने आपलं काम चोख बजावलं. जागा तळमजल्यावर असावी. तिथे ओळखीचे दात नसावेत. आणि बार म्हणून तिला कोणी नावं ठेवलेली नसावीत. या सगळ्या अटींत बसणारी जागा संपूर्ण भागात एकच निघाली: मधल्यांचा दवाखाना.

"गाढवा, हे आधी का नाही सुचलं तुला?" थोरले मधल्यांना म्हणाले आणि दुकानातून बाटल्या घेऊन आले.

जागा खरोखर उत्तम होती. बाहेरच्या खोलीत सोफा, माशांची टाकी, जुनी मासिकं. भिंतीवर 'आपली पाळी येईपर्यंत शांत बसावे' अशी पाटी; एवढं स्पष्ट धोरण कुठल्या बारमध्ये बघायला मिळत नाही. आता सोफा होता तिघांपुरता. पण पाहुण्याला कोंबून बसवणं त्या घराण्याच्या रक्तात नव्हतं.

"जावईबापू, तुम्ही आत बसा. खुर्ची चांगली आहे."

"हरकत नाही," जावईबापू म्हणाले, आणि आतल्या खोलीत एकटेच जाऊन दातांच्या खुर्चीत बसले. खुर्ची आपोआप मागे गेली. हातात चुळेच्या पेल्यातली बिअर, शेजारी थुंकायचं भांडं. बाहेर हसणं चाललं होतं. छताकडे बघत पडल्या पडल्या त्यांना थोरल्यांचा आवाज ऐकू आला, "सरक तिकडे." मग मधल्यांचा, "तूच सरक." मग काहीतरी पडल्याचा. इतका मान आयुष्यात त्यांना कधी मिळाला नव्हता आणि इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं.

थोड्या वेळाने मधले पेला भरायला आत आले. समोर खुर्ची, खुर्चीत माणूस. सवय ती सवय. त्यांनी दिवा लावला आणि म्हणाले, "आ करा."

जावईबापूंनी आ केला. (हरकत नव्हती.)

"वरची डावीकडची दुखते का हो कधी?" आरसा आत सरकवत मधल्यांनी विचारलं. "जरा टोकरून बघतो. हरकत नाही ना?"

आणि इथे एक अभूतपूर्व घटना घडली. जावईबापूंना 'हरकत नाही' म्हणायचं होतं. पण तोंडात आरसा, दोन बोटं आणि कापसाचा बोळा असल्यामुळे ते म्हणता आलं नाही. ते दोन शब्द जन्मात पहिल्यांदाच बाहेर पडायचे राहिले, आणि त्यांच्याखाली काय दडलंय ते जावईबापूंना दिसलं. खाली हरकत होती. दोन वर्षांची साठलेली, थरावर थर.

ते ताडकन उठून बसले. दिव्याला डोकं आपटलं, बोळा माशांच्या टाकीपर्यंत गेला.

"हरकत आहे!" ते ओरडले. "मला हा दिवा नको! ही खुर्ची नको! चुळेच्या पेल्यातून मला प्यायचं नाही! मला तो पहिला बार हवा होता, डुगडुगत्या स्टुलांचा, आणि तुम्ही तिघे लिफ्ट आणि दात आणि तारे करत मला त्याच्यावरून वरातीसारखं फिरवताय! ते थोरले हट्टी आहेत, हा डॉक्टर आगाऊ आहे आणि तो धाकटा दिवसभर वाचतो पण त्याला काडीची अक्कल नाही! आणि मला जावईबापू म्हणू नका, नाव आहे मला!"

थोरले दारात येऊन उभे राहिले. बंद पडलेली लिफ्ट आपणहून हलावी आणि तिच्याकडे बघावं, तसे ते जावईबापूंकडे बघत होते.

"मग दोन वर्षं तोंडात बोळा होता का तुझ्या?" ते म्हणाले. "सांगायचं नाही होय, गाढवा?"

जावईबापूंचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. गाढव ही त्या घरातली सर्वांत खालची पायरी होती. पण घरात शिरायला दुसरी पायरीच नव्हती. थोरले पुढे आले, खुर्चीच्या पायथ्याशी टेकले आणि जागा कमी पडली तशी त्यांना गुडघ्याने ढोसलं.

"सरक तिकडे."

जावईबापू सरकले. डोळ्यांना धारा लागल्या. मधल्यांना वाटलं, दिव्याने लागल्या.

त्यानंतर चौघे डुगडुगत्या स्टुलांच्या बारकडे निघाले. दारातून आत बघितलं, तर गाणारा फारच बेसूर होता. हरकत घेतली ती जावईबापूंनी. तिघांनी त्यांच्या पाठीत एकेक धपाटा घातला आणि चौघे पुढे निघाले. हल्ली दर आठवड्याला ते त्या पदपथावर उभे दिसतात, तावातावाने भांडत असतात, आणि अजून एकाही बारमध्ये बसलेले नाहीत. कचेरीत जावईबापूंची बदली शेजारच्या टेबलावर झाली असून प्रकृती सुधारली आहे. दवाखान्याचं दार त्या दिवशी गडबडीत उघडं राहिलं होतं. एक घोळका उजेड बघून आत शिरला आणि आपली पाळी येईपर्यंत शांत बसला. त्यांनी लिहिलंय, 'सोफा आणि मासे छान. वाढायला कोणी येत नाही, पण उठवायलाही येत नाही. चार तारे.'

आता, या हकिगतीत खटकण्यासारखं पुष्कळ आहे. पाहणी फुलवालीची आहे. डॉक्टरांचं वागणं वैद्यकीय शिस्तीला धरून नाही. बार कसा निवडावा हे वाचायला बसलेल्या माणसाला एकाही बारचा पत्ता दिलेला नाही. तरीसुद्धा आपण इथपर्यंत निमूटपणे वाचत आलात, कुठे 'हे काय भलतंच!' असं म्हणाला नाहीत. फार सरळ माणूस आहात तुम्ही. या, बसा. छे छे, सोफ्यावर नको, तिथे आमची दाटी आहे. तुम्ही अशा आतल्या खुर्चीत बसा. दिवा लावतो.