नाइवूला थंडी वाजते

मेलेला नवरा नाइवू स्वप्नात येऊन "थंडी वाजतेय" म्हणाला, याचं बाकुलीला काही विशेष वाटलं नसतं. पण तो आला त्याच्या धाकट्या बहिणीच्या, रावाकाच्या स्वप्नात, हे तिच्या जिव्हारी लागलं होतं. पूर्वजाला थंडी वाजली की थडगं उघडून त्याला नव्या रेशमात गुंडाळायचं, ही गावाची रीत. रेशीम विणणार बाकुली आणि निरोप मात्र नणंदेला!

त्या रागात तिने तापियाच्या झाडांच्या रानातून आणलेल्या रेशमाच्या कोशांची टोपली कोपऱ्यात ढकलून दिली. एरवी ती आल्या आल्या कोश चिरायची आणि आतले किडे तळून भाताबरोबर खायची. या वेळी ते तसेच राहिले.

एका संध्याकाळी दिवा लावून ती वळली, तर नाइवूच्या टोपीवर हा एवढा मोठा पतंग बसलेला! गेलेली माणसं पतंग होऊन येतात, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"आलास?" बाकुलीचा ऊर भरून आला. "किती वाट बघायला लावलीस रे! आणि आधी रावाकाकडे कशाला गेलास?" असं म्हणत तिने त्याच्यापुढे झाकणभर रम ठेवली.

तेवढ्यात रावाका सूत घेऊन आली.

"वहिनी, कुणाशी बोलताय?"

"तुझ्या भावाशी. हळू बोल."

रावाकाने दिवा जवळ नेला. "अहो, ही तर मादी! कशी थोराड आहे, करडी आहे. मिशा बघा, दोऱ्यासारख्या. नराच्या कशा पिसासारख्या असतात. तुमच्याच टोपलीतून निघालीय ही. आणि रम कसली पाजताय? खायला-प्यायला हिला तोंड कुठाय?"

बाकुलीचा चेहरा पडला. तोंड नसलेला नाइवू तर तिलाही पटेना.

इतक्यात खिडकीतून एक लहानखुरा, तांबूस नर आत आला. मिशा अगदी पिसासारख्या. त्याच्यामागून दुसरा, मग घरभर नरच नर. मादीच्या वासाने रानातले सगळे उपवर तिथे लोटले. एक रावाकाच्या वेणीत अडकला, ती किंचाळली आणि रम मागावर सांडली.

"यातलाच एक असेल!" बाकुली हटेना. "नाइवू, काहीतरी खूण दे रे!"

"वहिनी, ते तिच्यासाठी आलेत!"

"तुला बोलायला काय जातंय? तुझ्याकडे तो आपण होऊन आला. माझ्या स्वप्नात एकदा तरी..." पुढे तिला रडूच कोसळलं.

रावाका तिच्याजवळ येऊन बसली. "माझ्याही नाही आला, वहिनी. थाप मारली मी. कुणाला स्वप्न पडल्याशिवाय थडगं उघडत नाहीत ना. मला एकदा त्याला जवळ घ्यायचं होतं."

हे गावात कळलं, तर थडगं काही उघडणार नव्हतं. बाकुलीने शालीने डोळे पुसले, मग त्याच शालीने माग पुसला आणि चाती नणंदेच्या हातात दिली.

"कात मुकाट्याने. सांगायला आला नाही म्हणून काय झालं? थंडी तर त्याला वाजतच असणार."