हातानं पाहायचं घर

बशीरभाई भाड्याचं घर बघायला निघाले की शिंपीकामाची टेप गळ्यात तशीच. घरमालक बिचारा हॉल दाखवतोय, नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगतोय, आणि हे दारापाशी उकिडवे बसून दाराखालची फट मोजतायत. मग चष्म्यावरून वर बघत निकाल द्यायचे, "पाऊण इंच. यातून इचू त येतेच, पण त्याची सासरवाडीबी येते सामान घेऊन."

चिखलीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे. बशीरभाई दीड वर्षापूर्वी दुसरबीडहून आले आणि माझ्या बाजूच्या गाळ्यात शिलाई मशीन मांडून बसले. पन्नाशीचा हडकुळा माणूस, बोलायला गोड, आणि पॅन्ट अशी शिवणार की घालणाऱ्याला आपलं पोट कमी झाल्यासारखं वाटावं. फक्त राहायला घर नव्हतं. दुकानातच कापडं कापायच्या टेबलावर झोपायचे. गावातले निम्मे घरमालक नळ-बिजागऱ्या माझ्याकडून नेतात, तेव्हा मीच त्यांना घरं दाखवत हिंडायचो. अकरा दाखवली, अकराही फुकट गेली. विंचवाच्या भीतीनं.

किड्यामुंग्यांची त्यांची स्वतःची प्रतवारी होती, आणि ती आवाजावर ठरायची. "उंदीर खडखड करून येते, बरा. मच्छर त कानात येऊन नाव सांगते. पाल चुकचुकते, झुरळाचे पंख वाजतेत. पण इचू, भाऊ, काईच बोलत नाही. गोमबी तशीच. ज्याचा आवाज नाही, त्याच्यासंग मले नाही राह्यचं."

"मग आमच्या घरी या," मी म्हणायचो, "आमच्याकडं सगळे बोलतात, गप्प फक्त मी."

ते हसायचे नाहीत. विंचवाच्या विषयात त्यांना थट्टा चालत नसे, आणि नेमकं म्हणूनच आम्हाला चेव यायचा.

एका माळकरी घरमालकांना त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेजारी कोंबड्या आहेत का?"

"आमच्या गल्लीत अंड्याचं टरफलसुद्धा दिसणार नाही," मालक छाती काढून म्हणाले.

"मंग इचू दिसन," बशीरभाई खिन्नपणे म्हणाले. "कोंबडी इचू वेचून खाते, काका. तुम्ही नका खाऊ, तिले त खाऊ द्या."

तिथून आम्ही चपला धड न घालताच निघालो.

पण कहर म्हणजे भिंतींची तपासणी. फट मोजून झाली की बशीरभाई डोळे गच्च मिटायचे, दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवायचे आणि अख्ख्या खोलीला चक्कर मारायचे. चौकट, लाइटची बटणं, कोनाडा, नळ, खिडकीचा कठडा. एकदा खिळ्यानं बोट फाडलं तरी डोळे उघडले नाहीत. त्या घरच्या मालकीणबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, "काऊन हो, हे मंतर टाकून राह्यले का काय?"

मी बशीरभाईंना विचारलं. ते म्हणाले, "घर डोळ्यानं नाही पाह्यचं, भाऊ. हातानं पाह्यचं." हे त्यांचं पालुपदच होतं. कापड निवडतानाही हेच, गिऱ्हाइकालाही हेच. शिंप्याची सवय म्हणून मी सोडून दिलं.

दुकानात येऊन हे किस्से मी तिखटमीठ लावून सांगायचो. सांगताना एक गोष्ट सोयीनं गाळायचो. अकरापैकी दोन घरं टेप निघायच्या आधीच गेली होती. मालकांनी नाव विचारलं, आणि लगेच "अरेरे, कालच दिलं हो" झालं. त्याचंही खापर मी टेपवरच फोडायचो. त्यानं किस्सा जास्त रंगायचा.

घरी कोण कोण असतं, हे मी एकदाच विचारलं होतं. "मी अन् शमीम. ती सध्या भावाकडं आहे, दुसरबीडले." बायको गावाला आणि नवरा दुकानात, म्हणजे पटत नसणार, असं मी आणि पलीकडचा मोबाईल दुरुस्तीवाला सुनील, आम्ही चहा पिता पिता परस्पर ठरवून टाकलं. दर बुधवारी बशीरभाई दुकान लवकर बंद करून दुसरबीडला जायला एसटी धरत, हे आम्हाला दिसत होतं. पण पटत नसलेल्या बायकोकडं माणूस दर आठवड्याला कशाला जाईल, एवढा विचार कोण करतो.

बारावं घर पास झालं. गावाबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये दोन खोल्या, गुळगुळीत गिलावा, आणि भिंतीपलीकडं एका बाईच्या दहा-बारा कोंबड्या. कोंबड्या बघून बशीरभाई आत न जाताच हो म्हणाले, मग भिंतींची आठवण होऊन आत गेले. पुढं तीन आठवडे ते माझ्याकडून भिंतीची पुट्टी, व्हाइट सिमेंट, बारीक जाळी नेत राहिले आणि एकेक भोक बुजवत राहिले. शाळेच्या पॅन्टींच्या उरलेल्या निळ्या कापडाच्या लांब नळ्या शिवल्या, त्यात वाळू भरली आणि दाराखाली लावल्या. मोरीची जाळी मी बसवून देतो म्हणालो, तर एक किल्ली माझ्या हातात ठेवली. "तुमच्यावर भरोसा आहे, भाऊ."

ते राहायला येणार त्या दिवशी सकाळी मी जाळी बसवली. आणि मग खिशातून रबराचा विंचू काढला. खेळण्यांच्या गाडीवर मिळाला होता. काळा, नांगीसकट, हात लावला की थरथरणारा. दाराच्या चौकटीवर आतल्या अंगाला, बरोब्बर छातीच्या उंचीवर चिकटवला. बशीरभाईंचा हात आधी कुठं जातो, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? सुनील व्हिडिओ काढायला मोबाईल घेऊन तयार. पंचेचाळिशीतल्या दोन बाप्यांना दुसरं काही काम नव्हतं का, असं आता वाटतं. तेव्हा नाही वाटलं.

दुपारी ऑटो आला. आधी बशीरभाई उतरले. त्यांनी हात पुढं केला, आणि तो धरून एक बाई उतरल्या. खाली उतरल्यावर त्यांनी बशीरभाईंच्या खांद्यावर हात ठेवला आणि ऑटोच्या आवाजाकडं तोंड करून मला म्हणाल्या, "सलाम, भाऊ."

तेव्हा मला समजलं. सुनीललाही समजलं असावं, कारण त्याचा मोबाईल खाली आला.

"सहा साल झाले डोळे जाऊन," बशीरभाई मला म्हणाले. घरच्याविषयी ते पहिल्यांदाच एवढं बोलत होते. "भिंतीले हात लावून चालाले शिकली होती. सैपाकबी कराले लागली होती. आमचं घर दगडमातीचं. येक दिवस कोनाड्यात हात घातला अन् इचू चावला. तवापासून भिंतीले हातच लावत नाही. भावाच्या घरी येका पलंगावर दिवसभर बसून राह्यते. मी कबूल केलं होतं तिले, तू कुठंबी हात लावशील असं घर पाहीन, तवाच नेईन."

दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. पुढं होऊन तो विंचू ओढून काढायचा, एवढंच. पण ते विचारणार, हे काय, आणि मला सांगावं लागणार. खरं बोलतो, त्या वेळी मला त्या बाईपेक्षा माझ्या अब्रूची काळजी जास्त वाटली. मी जागचा हललो नाही. हे मी आजवर घरातही सांगितलेलं नाही.

बशीरभाईंनी कुलूप काढलं. "लाव आता हात," ते म्हणाले. "कुठंबी लाव."

शमीमबाईंनी थोडा वेळ हात छातीशीच धरून ठेवला. मग चौकट चाचपली, आत वळल्या, आणि बोटं त्या रबरावर गेली.

त्या ओरडल्या नाहीत. नुसता श्वास आत ओढला आणि हात तिथंच राहिला. बशीरभाईंनी पाहिलं, आणि जिवंत आहे की मेलेला हे बघायलाही न थांबता तो विंचू नुसत्या हातानं मुठीत आवळून उपसून काढला. पाऊण इंचाला घाबरणारा हा माणूस. मग मूठ उघडून रबर पाहिलं, आणि मग माझ्याकडं पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. ते माझ्याकडं असं बघत होते की मी कोण, हेच त्यांना आठवत नसावं.

"काय होतं जी ते?" शमीमबाईंनी विचारलं.

"काई नाही, दाराचं रबर आहे," बशीरभाई म्हणाले, अगदी रोजच्या आवाजात. "हवेनं दार आपटू नये म्हून भाऊनं लावलं होतं. निघालं माझ्या हातानं."

"शुक्रिया, भाऊ," त्या माझ्या दिशेनं म्हणाल्या. "किती केलं तुम्ही आमच्यासाठी."

सुनील कधी निघून गेला, मला कळलं नाही. मीही काहीतरी पुटपुटून निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करतोय तर बशीरभाई येऊन उभे. मी माफी मागायला तोंड उघडलं, त्यांनी हातानंच थांबवलं. "दाराचं रबर द्या, भाऊ. खरं. ती आज तिथं हात लावून पाहीन. तिथं काईतरी असाले पाह्यजे."

मी म्हणालो, मीच येऊन बसवतो. "हाव, चला," ते म्हणाले. वाटभर ते माझ्यापुढं दोन पावलं चालत राहिले. मला दारापाशी सोडून ते शेजारच्या बाईकडं अंडी आणायला गेले.

मी स्क्रू पिळत होतो. शमीमबाई आतून आल्या, एक तळवा भिंतीवर ठेवून, सावकाश. चौकटीपाशी थांबल्या आणि नव्या गोल रबरावरून बोटं फिरवली.

"हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "कालच्याले नांगी होती, भाऊ."

माझा हात तिथंच थांबला.

"त्याईले नका सांगू, मले समजलं म्हून," त्या म्हणाल्या. "लय खुश आहेत थे. काल मी भिंत धरून गॅसपाशी गेली, त रडले." आणि चहा ठेवते म्हणून, भिंतीला हात लावत, आत गेल्या.

बशीरभाई अंडी घेऊन आले. आत कपबशांचा आवाज येत होता. त्यांनी मला जरा बाहेर ओढलं आणि हळूच विचारलं, "तिले काई समजलं त नाही ना, भाऊ?"

"नाही," मी म्हणालो. त्या घराचं तेवढं एकच काम माझ्या हातून धड झालं.