मिठाच्या बरणीतला सहावा चमचा

सहस्रभोजने चमचा आधी उलटा करतात आणि मग, मनाला पटलं तर, तोंडात घालतात. लग्न असो, आइस्क्रीमचं दुकान असो की कुणाच्या तेराव्याचं जेवण असो. हातात चमचा आला की तो पालथा होतो, डोळ्यांजवळ जातो आणि सहस्रभोजन्यांच्या तोंडून सुस्कारा निघतो. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मी पोहे दिले होते. त्यांनी चमच्याची पाठ पाहिली, चमचा बशीच्या कडेला ठेवला आणि कुणी गेल्याचं कळवावं तशा आवाजात म्हणाले, "मशीनचा आहे, वहिनी." मग पोहे हातानं खाल्ले. वर आणखी मागितले.

मनीषनगरात ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी कॅनडात. अशा माणसानं बागेत चालावं, भजनाला बसावं, निदान सोसायटीच्या मीटिंगला येऊन भांडावं. हे जुन्या चांदीचे चमचे जमवतात. चमचे, काटे, सुऱ्या आणि एक डाव. डावाच्या दांड्यावर मोर आहे असं ते म्हणतात. मला ती कोंबडी दिसते. सगळं हातानं घडवलेलं. "वजन नका पाहू वहिनी, हात पाहा, हात!" हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते तोंड उघडण्याआधी मीच म्हणून टाकते.

आणि हे सगळं वैभव कपाटात, लाल मखमलीवर निजलेलं. आडनाव सहस्रभोजने, पण त्यांच्या घरी चहापलीकडे काही मिळालेला माणूस मला अजून भेटायचा आहे. स्वतः वरणभात ताटलीत कालवून ओट्यापाशी उभ्याउभ्या जेवतात. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. मी काही मुद्दाम बघत नाही.

एका दिवाळीत मी फराळ घेऊन गेले, तर "बसा, दूध घेऊन येतो" म्हणून हे खाली गेले. समोर टेबलावर दोन चमचे काळेठिक्कर पडलेले. मला बघवेना. त्यांच्याच बेसिनवर, त्यांच्याच टूथपेस्टनं मी ते घासून लखलखीत केले. हे परत आले, चमचे बघितले आणि दुधाची पिशवी हातात धरून खुर्चीत बसले. "वहिनी, तो काळपटपणा म्हणजे त्यायचं वय होतं. तुम्ही वय घासून टाकलं." संक्रांतीपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. मला काही वाटलं नाही. चांदी घासली म्हणून रुसणारा माणूस शहाणा असूच शकत नाही.

त्यांचा खरा जीव मात्र खापा गावच्या एका जुन्या सोनारावर. तो कधीच गेला, नावसुद्धा कुणाला ठाऊक नाही. कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबांसाठी तो म्हणे चमचे-काटे घडवायचा. चांदी म्हणजे देवाचीच अशी त्याची समजूत, म्हणून प्रत्येक चमच्याच्या पाठीवर बेलाचं पान कोरायचा. काट्याची टोकं तर घासून गोल करायचा, साहेबाच्या तोंडाला टोचू नये म्हणून. "काळजी पाहा वहिनी!" असं म्हणत सहस्रभोजने तो काटा माझ्या नाकासमोर नाचवत. त्यानं उकडलेला बटाटासुद्धा टोचला जाणार नाही, हे मी सांगून पाहिलं. ऐकतो कोण!

या सोनाराच्या सहा चमच्यांचा एक संच. पाच सहस्रभोजन्यांकडे. सहावा खाप्यातच, गिरजाबाई नावाच्या एका म्हातारीकडे. तिच्या सासऱ्याला कुठल्याशा साहेबानं विलायतेला जाताना दिलेला. आणि म्हातारीनं तो ठेवला होता कुठे, तर मिठाच्या बरणीत!

"मीठ चांदीले खाते, वहिनी," हे सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. "रोज थोडा थोडा मरून राहिला तो."

"मग आणा की!"

"देत नाही नं म्हातारी. लय हट्टी आहे."

वर्षानुवर्षं हा माणूस दर रविवारी बसनं खाप्याला जायचा आणि रिकाम्या हातानं परत यायचा. एक म्हातारी, एक चमचा, आणि यांच्याच्यानं सौदा जमेना! मी बर्डीच्या बाजारात दुकानदाराला रडवून साडी घेणारी बाई. मला ते सहन होईना. शेवटी म्हटलं, "या रविवारी मी येते." झालं, यांची टाळाटाळ सुरू. एका रविवारी गुडघा दुखला, पुढच्या रविवारी ऊन फार होतं. तिसऱ्या रविवारी मी सरळ गाडी काढली आणि त्यांना खालून हाक मारली.

गिरजाबाईंचं घर कन्हान नदीच्या बाजूला. मुलं पुण्यात, म्हातारी एकटी. दारातच तिनं सहस्रभोजन्यांना धरलं. "दाढी काहून नाही केली गा? अन् गोया घेतल्या का गुडघ्याच्या?" हे आत जाऊन जावयासारखे पाटावर बसले. पाटोडीचा रस्सा, भरीत, ज्वारीची भाकर. आमच्या जिन्यात वर मान करून न बोलणारा हा माणूस तिथे अखंड बोलत होता. कॅनडातल्या नातीचा दात पडला, हे मला त्या दिवशी खाप्यात कळलं. मी समोर राहते!

जेवण झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि ठरलेल्या सुरात म्हणाले, "मंग आजी, देता का चमचा?"

"नाही देत, जाय!" म्हातारीही ठरलेल्या सुरात म्हणाली.

आता माझी पाळी. मी पदर खोचला. म्हटलं, "आजी, खरं सांगा, काय हवं तुम्हाला त्या चमच्याचं?"

म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "मले? मले काय कराचं आहे वं बाई त्याचं? मीठ काढाले लाकडाचा आहे माह्याजवळ. मी तं याले पहिल्याच खेपेले म्हटलं, ने बाबा, असाच ने. तं हाच म्हणे, आज नको, पुढच्या रविवारी पाहू."

तिनं बरणीतून चमचा काढला, पदराला पुसला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. "घे. बाई आली तुह्यासाठी इतक्या दुरून. ने आता."

सहस्रभोजन्यांचा चेहरा उतरला. त्यांनी चमचा उलटा केला. मी शेजारीच होते. पाठीवर बेलाचं पान स्वच्छ दिसत होतं. त्या पाच चमच्यांवरचं मला इतक्यांदा दाखवलेलं, हुबेहूब तेच. त्यांनी चमचा डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाले, "हा तो नाही."

"काय?" मी ओरडलेच.

"पानाची शीर वेगळी आहे. हात वेगळा वाटून राहिला." माझ्याकडे न बघता ते बोलत होते. "भिंगातून पाहा लागन. पुढच्या रविवारी भिंग आणतो."

भिंग त्यांच्या शर्टाच्या खिशातून डोकावत होतं. गिरजाबाईंनीही ते पाहिलं. त्यांनी बरणी पुढे सरकवली. सहस्रभोजन्यांनी स्वतःच्या हातानं तो चमचा मिठात खोचला आणि झाकण घट्ट लावलं.

"लवकर ये मंग," म्हातारी म्हणाली. "मुंगवड्या घालाच्या आहेत. पीठ फेटू लागशीन."

परतताना गाडी चालवता चालवता माझ्या डोक्यात उजेड पडला. ज्या माणसाला मी इतकी वर्षं चमच्यासाठी टपलेला समजत होते, तो दर रविवारी कुणाच्या तरी हातचं जेवायला जात होता. आणि तो चमचा कपाटात आला असता, तर त्याला खाप्याला जायला काही कारणच उरलं नसतं. मला स्वतःचा राग आला, त्याहून जास्त त्यांचा आला. जेवायला या म्हणायला मी काय मेले होते? पण त्यांनी तरी मला 'येऊ का' म्हणून कधी विचारलं?

सावनेर मागे पडलं. मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "वहिनी, राग नका मानू. पुढच्या रविवारी तुम्ही नका येऊ."

"का?"

"तुमचा सौदा फार लवकर जमते."

"नाही येत," मी म्हटलं.