तेहतीस माशांचे वाण

नदीच्या मधोमध उभा असलेला म्हातारा पुन्हा एकदा पाण्यावर दोरा फेकणार, एवढ्यात वंदनाने श्रीपतीच्या हातातून पुस्तक काढून घेतले आणि त्या जागी धोतराची घडी ठेवली.

"हे बॅगेत जाईल. ते नाही."

"दोनच दिवसांचा तर प्रश्न आहे," श्रीपती म्हणाला.

"म्हणूनच. दोन दिवस तरी आबांशी बोला. तुम्ही ओसरीवर पुस्तक उघडलं की ते उठून गोठ्यात जातात. दिवाळीला सगळी जेवणं होईपर्यंत म्हशीपाशी बसले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझा बाप अजून तुमच्यापुढं पाहुण्यासारखा बसतो. स्वतःच्याच घरात."

तिच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. रागाशी वाद घालता येतो. थकव्यापुढे माणसाने काय करावे, हे जालन्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या श्रीपतीला ठाऊक नव्हते. तो स्वतःही थकलेलाच होता. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, नळाच्या पाण्याची वाट पाहण्यात गेलेल्या सकाळी आणि एका सभेतून दुसऱ्या सभेत ओघळत जाणारी वर्षे या सगळ्यांतून त्याने स्वतःसाठी एकच कोपरा राखला होता. तो मासेमारीवरची इंग्रजी पुस्तके वाचत असे.

त्याने आयुष्यात कधी मासा खाल्ला नव्हता आणि जिवंत मासा हातात धरला नव्हता. पण त्या पुस्तकांतली माणसे पिसांची खोटी माशी बनवून गळाला बांधत, धुक्यातून चालत नदीवर जात, कमरेएवढ्या गार पाण्यात दिवसभर उभी राहत आणि बहुधा रिकाम्या हातांनी परत येत. चुकून मासा लागलाच तर त्याला हलकेच सोडून देत. घरी आल्यावर, एवढा वेळ काय केलेस, असे त्यांना कुणीही विचारत नसे. हे शेवटचे वाक्य कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नव्हते, पण श्रीपतीला ते प्रत्येक पानावर दिसे.

पुस्तक अर्थातच धोतराच्या घडीत लपून सासुरवाडीला, वाटूरला, गेले.

निमित्त धोंड्याच्या जेवणाचे होते. अधिक महिन्यात जावई साक्षात विष्णू समजला जातो, निदान जेवण होईपर्यंत. सासूबाई उषाबाईंनी पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे केले होते. अधिकाचे वाण तेहतीसचेच असते. धाकटा मेहुणा कल्याण याने अंगणात मांडव घातला होता. सासरे बद्रीनाथ नवे धोतर नेसून ओसरीवर बसले होते, आणि त्यांच्यासमोर, हातभर अंतरावर, श्रीपती.

"पाऊस कवा येईल म्हन्तेत तिकडं?" बद्रीनाथांनी विचारले.

"वेळेवर येईल म्हणतात."

"हां."

विषय संपला. पंखा फिरत राहिला. वंदना स्वयंपाकघराच्या दारातून दोघांकडे पाहत होती, आणि त्या नजरेखाली श्रीपतीचा हात नकळत पिशवीकडे गेला. पुस्तक बाहेर आले. बद्रीनाथ सवयीने गोठ्याकडे जायला उठले. पण उठता उठता त्यांनी लेकीचा चेहरा पाहिला आणि पुन्हा खाली बसले.

"काय वाचून राह्यले, पाव्हणं?"

"मासे धरण्याविषयी आहे, मामा."

"मासे?" बद्रीनाथांच्या डोळ्यांत कित्येक वर्षांनी काहीतरी चमकले. "आपल्या शेततळ्यात हायेत की! कल्याणनं औंदा रोहू सोडलेत. तुम्ही मासे धरता?"

"मी नाही. पुस्तकातले लोक धरतात. आणि सोडून देतात."

आतून उषाबाई पीठभरल्या हातांनीच बाहेर आल्या. "सोडून देतेत? खात न्हाईत?"

"नाही. पुन्हा पाण्यात सोडतात."

"अधिकात?"

"बाराही महिने."

उषाबाईंनी पुस्तकाकडे पाहिले आणि पीठ लागू नये म्हणून कोपरानेच त्याला नमस्कार केला. "अगं वंदे, म्हंजे हे पुण्याईचं पुस्तक हाय की! आन् तू म्हनतीस, जावई कायबी वाचत बसतेत."

श्रीपतीने खुलासा करायला हवा होता. पण ओसरीवर प्रथमच संभाषण चालू होते, दारातली वंदना प्रथमच हसत होती, आणि खुलाशाने ही दोन्ही सुखे मोडली असती. तो गप्प राहिला. पुढचे सर्व त्या गप्प राहण्यातून उगवले.

"मंग आज जावयाच्या हातानं मासे सोडू," बद्रीनाथ उत्साहाने म्हणाले. "एखादा धरायचा आन् सोडायचा."

"एखादा कसा?" उषाबाई म्हणाल्या. "वाण हाय ते. तेहतीस."

"तेहतीस मासे?" श्रीपतीने विचारले.

"कमी चालत न्हाई, पाव्हणं."

"सोपं हाय, दाजी," कल्याण म्हणाला. "जाळं टाकतो. येका झटक्यात पन्नास येतेन. तुम्ही तेहतिसांना नुस्ता हात लावा आन् द्या सोडून. जल्दी काम."

इथे सुटकेची वाट होती, आणि ती स्वतःहून चालत आली होती. परंतु माणसाच्या आयुष्यात एखादीच गोष्ट अशी असते की जिच्याबाबत तो तडजोड करू शकत नाही. भाड्यापासून बदलीपर्यंत सर्वत्र तडजोड केलेला श्रीपती ताठ बसला आणि म्हणाला, "जाळं बिलकुल नाही. जाळ्यानं धरणं म्हणजे धरणं नव्हे."

या घरात जावयाने मांडलेले हे पहिलेच मत होते. बद्रीनाथांनी मांडीवर थाप मारली. "बराबर! जाळं न्हाई म्हन्जे न्हाई!"

मग तयारीला वेग आला. मोसंबीच्या झाडाला टेकू दिलेली लांब काठी निघाली. वाटूर फाट्यावरून गळ आणि नायलॉनचा दोरा आला. माशी पिसाची लागते असे श्रीपतीच्या तोंडून निसटताच उषाबाईंनी देवघरातले मोरपीस आणले, त्यातल्या चार काड्या जड मनाने उपटून दिल्या आणि उरलेले पीस कपाळाला लावून परत ठेवले. श्रीपतीने त्या काड्या पुस्तकातल्या चित्राप्रमाणे गळाला बांधल्या. जे तयार झाले ते माशीसारखे दिसत नव्हते. फार तर एखाद्या माशीच्या शोकसभेसारखे दिसत होते.

"ही खोटी माशी?" बद्रीनाथांनी ती उन्हात धरून पाहिली. "म्हंजे माशाला फसवायचं, कष्टानं धरायचं, आन् वर सोडून द्यायचं. यात उपेग काय, पाव्हणं?"

"काहीच नाही, मामा."

बद्रीनाथ विचारात पडले. आयुष्यभर त्यांनी उपयोग नसलेले एकही काम केले नव्हते.

गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाची ताटे घेऊन शेततळ्यावर जमल्या. तळे म्हणजे मोसंबीच्या बागेमागचा चौकोनी खड्डा; चारी बाजूंच्या उतारांवर काळे प्लास्टिक अंथरलेले, आणि उन्हाळ्याने तळाशी नेऊन ठेवलेले कमरेएवढे हिरवट पाणी. धुके नव्हते, पाइनची झाडे नव्हती. आभाळ तापलेल्या तव्यासारखे डोक्यावर पालथे घातले होते. श्रीपती नवे धोतर सावरत काठावर उभा राहिला. त्याने पुस्तकात वर्णन केल्याप्रमाणे मनगट मागे नेले आणि झटका दिला.

पहिल्या फेकीत कल्याणची टोपी लागली.

"येक झाला!" मागून कुणीतरी ओरडले.

"त्याला सोडा, तवा मोजू," उषाबाई म्हणाल्या. दुसऱ्या फेकीत त्यांचाच पदर गेला.

तिसऱ्या फेकीच्या वेळी, लोकांपासून दूर म्हणून, श्रीपतीने एक पाऊल पुढे टाकले. ते प्लास्टिकवर पडले. प्लास्टिकने त्याला कोणताही दुजाभाव न दाखवता खाली नेले. बद्रीनाथांनी जावयाला वाचवण्यासाठी धोतराचा सोगा पकडला; सोगा सुटला नाही, पाय मात्र सुटले, आणि विष्णू व त्यांचे यजमान एकापाठोपाठ एक घसरत पाण्यात पोहोचले.

"आबा!" वंदना किंचाळली.

"जित्ता हाय!" खालून आवाज आला. "पाव्हणं बी हायेत!"

दोघेही कमरेएवढ्या पाण्यात उभे होते. कल्याणने हात पुढे केला, पण उतार लांब होता. वर चढायला दोघांनी पुष्कळ प्रयत्न केले. शेवाळलेले प्लास्टिक त्यांना पुन्हा पुन्हा, तितक्याच सौजन्याने, परत पाठवत राहिले.

"दोर कुठंय रे?" बद्रीनाथ ओरडले. तळ्याच्या काठाला एक जाड दोर कायम बांधलेला असे.

कल्याणने मान खाली घातली. "मांडवाला बांधला, आबा. सकाळी."

"मंग सोड तो!"

"मांडव पडंल. खाली गावाची पंगत बसलीय."

"बसू दे पंगत. जेवनं झाली की आन," बद्रीनाथ म्हणाले. "जावयाच्या धोंड्याला मानसं उपाशी उठवतो का?"

कल्याणने घराकडे जायला मोटरसायकल काढली. बायकांना उन्हाचा त्रास होऊ लागला. पंगतीला वाढायला हातही हवे होते. वंदना शेवटची मागे राहिली, तिने दोघांकडे बराच वेळ पाहिले, आणि का कोण जाणे, तीही निघून गेली.

आता तळ्यात सासरे, जावई आणि त्यांच्यात तरंगणारी काठी एवढेच उरले. इथून गोठ्यात जाण्याची सोय नव्हती. पुस्तकाची पिशवी वर राहिली होती.

"पानी गार हाय," बद्रीनाथ म्हणाले.

"हो."

"वर लई उकडत व्हतं."

"फार."

काही करायचे म्हणून श्रीपतीने काठी उचलली, दोरा सोडवला आणि मोरपिसाची ती दुर्दैवी माशी पाण्यावर ठेवली. ती ओली झाल्यावर बरी दिसू लागली. काळ्या उतारांच्या मधोमध हिरव्या पाण्याचा तुकडा स्थिर झाला. वरचे जग, त्यातली पंगत, परीक्षा, पाऊस, सगळे काठाच्या पलीकडे राहिले. पायाला काहीतरी मऊ घासून गेले.

"हालू नका," बद्रीनाथ कुजबुजले.

दोरा थरथरला, ताणला गेला. काठीचे टोक वाकले. दोघांनीही श्वास रोखला. मग टोक सरळ झाले.

"गेला," श्रीपती म्हणाला.

"पुस्तकात बी असंच व्हतं?"

"बहुतेक पानांवर."

बद्रीनाथ हसू लागले. आधी आवाज न करता, मग पाण्यावर लहान लाटा उठतील इतके. "आना हिकडं ती काठी," ते म्हणाले.

कल्याण दोर घेऊन आला तेव्हा ऊन कलले होते. त्याने दोर खाली सोडला आणि हाक मारली, "आबा, धरा!"

आबांनी वर न पाहता तळहात दाखवला. "थांब जरा. आवाज करू नको."

"मी भिऊन जल्दी जल्दी आल्तो, आन् तुम्ही…"

"जेवून आला का?"

"न्हाई."

"मंग जेवून ये."

शेवटी दोघे वर आले तेव्हा उषाबाई अनारशांचे ताट आणि दिवा घेऊन मांडवात वाट पाहत होत्या. वाण द्यायचे तर हिशेब पुरा व्हायला हवा होता. "किती सोडले?" त्यांनी विचारले.

श्रीपतीने खरे सांगायला तोंड उघडले. बद्रीनाथांनी ओले धोतर पिळता पिळता त्याच्या आधी उत्तर दिले. "तळ्यात हायेत तेवढे समदे."

"समदे? आन् धरले किती?"

"येकबी न्हाई. धरलेच न्हाईत, म्हंजे समदे सोडलेच की."

उषाबाईंनी हा युक्तिवाद मनात दोनदा फिरवून पाहिला. तेहतिसांहून अधिक भरत होते, एवढे नक्की. त्यांनी दिवा ओवाळला आणि ताट जावयाच्या हाती दिले.

पुढच्या आठवड्यात जालन्याला वंदना बाजारातून आली, तेव्हा श्रीपती तपासायच्या उत्तरपत्रिकांसमोर बसला होता. पेनला टोपण होते. फोन कानाला लावलेला होता, आणि तो काहीच बोलत नव्हता. तिने भाजी ठेवली, पाणी प्यायली, साडी बदलली. तो तसाच बसला होता.

"कुणाचा फोन आहे?"

"आबांचा," तो हळूच म्हणाला. "तळ्यावर आहेत."

"काय म्हणतायत?"

"अजून काही नाही."

"कधीपासून?"

"तू गेल्यापासून."

वंदना गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिली. "अहो, मग फोन ठेवा ना. नाहीतर काहीतरी बोला तरी…"

फोनमधून कुजबुज आली. श्रीपतीने ओठांवर बोट ठेवले. "हळू," तो म्हणाला. "आत्ता दोरा हलला."