कठड्याला बांधलेले चार दोरे

शनिवारी सकाळी ब्लांका ओले टॉवेल घेऊन बाल्कनीत आली, तेव्हा तिचा नवरा लुबोर कठड्यापाशी उकिडवा बसून गाठी मारत होता. कठड्याला बांधलेले चार दोरे दुसऱ्या मजल्यावरून तिरके उतरत खाली अंगणात, सतरंज्या झटकायच्या लोखंडी दांड्यापर्यंत गेले होते. निदान लुबोरचं म्हणणं तसं होतं. ब्लांकाला दोनच दिसत होते.

“उरलेले दोन कुठायत?”

“आहेत. उन्हाच्या बाजूनं बघ.”

“टॉवेल वाळतील का त्यांच्यावर?”

“हात लावू नकोस. कुठला किती झोळ खातो ते बघायचंय.”

लुबोरचा धंदा पियानो सुरात लावण्याचा, पण जीव सगळा ओतावा नदीतल्या ट्राउट माशांत. हा मासा मोठा लबाड. तळाशी वाहत आलेली खोटी अळी तोंडात घेतो आणि आवडली नाही की लगेच थुंकून टाकतो. तेवढ्या क्षणात काठी धरणाऱ्याला कळायला हवं, म्हणून काठीपासून अळीपर्यंत दोरा ताठ हवा. जाड दोरा स्वतःच्याच वजनानं वाकतो. बारीक ताठ राहतो, पण डोळ्यांना दिसत नाही. गेल्या हंगामात ब्लांका डबा घेऊन काठावर आली होती आणि मागूनच म्हणाली होती, “अरे, घेतलाय त्यानं, ओढ की.” लुबोरला काहीच कळलं नव्हतं. मासा गेला, पण ते वाक्य वर्षभर घरात राहिलं.

नवा हंगाम पुढच्या आठवड्यात उघडणार होता. म्हणून हे चार उमेदवार: विणलेला जाड नारिंगी दोरा, मध्यम पिवळा नायलॉनचा तंगूस, एक कडक पारदर्शक आणि एक कोळ्याच्या धाग्याइतका बारीक. दुर्बिणीतून तासभर बघून लुबोरनं बारक्याला मनातल्या मनात बाद केलं, कारण तो दुर्बिणीतूनही सापडेना. मग संगीतशाळेतला पियानो लावायला तो निघून गेला. दोरे तसेच राहिले.

दुपारी डोंगराकडून वारा सुटला.

लुबोर परतला तर अख्खी इमारत जिन्यात उभी होती. इमारतीचे अध्यक्ष हिनेकराव भिंतीला कान लावून होते.

“बरं झालं आलास,” ते म्हणाले. “सगळी भिंत घुमतेय. पाणी बंद करून बघितलं, तरी घुमतेय. आता तुझा कान लाव.”

गॅसची नळी बाहेरून, बाल्कन्यांच्या कठड्यांना लोखंडी पट्ट्यांनी जखडून वर गेली होती. लुबोरनं जिन्याच्या खिडकीतून वाकून तिला कान लावला. आत चार स्वर होते, एक खर्जातला आणि तीन चढत जाणारे. चौघांनाही तो नावानं ओळखत होता.

“हिनेकराव, त्याचं असंय...”

“गॅसच ना? मला वाटलंच.” हिनेकरावांनी मुख्य झडप फिरवून बंद केली. “गॅसच्या कार्यालयात फोन केलाय. आता त्यांचा माणूस आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.”

तेवढ्यात तळमजल्यावरच्या ल्युडमिलाकाकू पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या. “माझी भट्टी कुणी विझवली? उद्या नातीचं लग्न आहे. खसखशीच्या सारणाचे गोड कोलाचे आत अर्धे कच्चे बसलेत. मी वऱ्हाडाला काय घालू, कणीक?”

आता गप्प बसणं लुबोरला जमेना. “काकू, चूक माझी आहे. मी बाल्कनीपासून खालपर्यंत दोरे ताणलेत. वाऱ्यानं तेच घुमतायत.”

सगळे अंगणात गेले. नेमका वारा पडला होता. वर बघून हिनेकराव म्हणाले, “कुठायत दोरे? मला एक नारिंगी दिसतोय, तोही गप्प आहे. लुबोर, काकूंना वाईट वाटू नये म्हणून तू अंगावर घेतोयस, हे मला समजतं.”

“तुम्ही वर जा. कठड्यापाशी एकेका दोऱ्यावर बोट ठेवा. मी इथून टिचकी मारतो.”

हिनेकराव वर गेले. लुबोरनं नारिंगी दोऱ्यावर टिचकी मारली.

“कळलं काही?”

“नाही.”

“आता पिवळा.”

“थोडं. माशी बसल्यागत.”

“हा कडक.”

“हां. हे कळलं.”

लुबोरनं चौथा चाचपून शोधला आणि टिचकीसुद्धा मारली नाही, नुसता नखानं स्पर्श केला.

“अरे, हे बोटात टोचलं की,” हिनेकराव वरून म्हणाले. “काय लावलंयस काय याला?”

लुबोर पुतळ्यासारखा उभा राहिला. सकाळी तासभर तो झोळ डोळ्यांनी मोजत होता. पियानोच्या तारा आयुष्यभर कानांनी आणि बोटांनी जोखणाऱ्या माणसाला ही अक्कल अध्यक्षांच्या बोटानं यावी, याची त्याला लाज वाटली, आणि आनंदही इतका झाला की गॅसचं तो विसरलाच.

“मग पटलं ना?” ब्लांकानं विचारलं. “आता झडप उघडा.”

“पटलं,” हिनेकराव वरूनच म्हणाले, “पण तो माणूस निघालाय.”

माणूस आला. “दोऱ्यांसाठी मला शनिवारचं बोलावलंत?” असं म्हणत त्यानं झडप उघडली, आणि आलोच आहे तर म्हणून गळती शोधायचं यंत्र घरोघर फिरवलं. ल्युडमिलाकाकूंच्या शेगडीमागे ते टिवटिवायला लागलं. त्यानं शेगडी पुढे ओढली, वाकून बघितलं आणि तिथली नळी बंद करून टाकली.

“किती दिवस गळतंय हे?”

काकू स्टुलावर बसल्या. “डोकं दुखत होतं चार-पाच दिवस. मला वाटलं, लग्नाची दगदग. वास म्हणाल, तर सर्दीनं नाक बंद आहे.”

मग हिनेकराव खाकरले. “मी दुपारपासून म्हणत होतो, गॅसच आहे.”

“पण आवाज तर...” लुबोरनं सुरुवात केली. ब्लांकानं त्याच्या दंडाला चिमटा काढला.

“तुझे दोरे होते म्हणून सांगशील, तर उद्या तुला अंगणात खिळाही ठोकू देणार नाहीत,” ती हळूच म्हणाली. “होऊ दे त्यांना मोठं.”

कोलाचे ब्लांकाच्या भट्टीत भाजून निघाले. काकूंनी सगळ्यांदेखत हिनेकरावांच्या हाताचा मुका घेतला आणि कोलाच्यांचं पहिलं ताट त्यांच्या घरी गेलं. ब्लांकाला तळाशी करपलेले दोन मिळाले. लुबोरनं तक्रार केली नाही. बारीक दोरा त्यानं रिळावर गुंडाळून खिशात ठेवला होता आणि त्याचा हात सारखा खिशाकडे जात होता.

संध्याकाळी हिनेकराव दार वाजवून आत आले. बराच वेळ ते स्वतःच्या बोटाकडे बघत होते.

“लुबोर, आज दोनदा प्रचिती आली. माझ्या अंगात काहीतरी आहे. ती मासेमारी अवघड असते का रे?”

हंगामाच्या पहिल्या दिवशी दुपारी ब्लांका डबा घेऊन ओतावाच्या काठावर पोचली. हिनेकराव गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांच्या जाळीत दोन ट्राउट होते. लुबोर थोडा खाली, नारिंगी दोरा लावून, डोळे ताणून उभा होता.

“अरे, तो बारका कुठाय?” तिनं विचारलं.

लुबोरनं हनुवटीनं हिनेकरावांकडे खूण केली. “एकच रीळ होतं. आणि अध्यक्ष आहेत ते. मागितलं तर नाही कसं म्हणू?”

ब्लांकानं डबा खाली ठेवला आणि पाण्यातल्या त्याच्या अळीकडे जरा वेळ बघितलं.

“ओढ की,” ती म्हणाली.