टिटवीच्या ओरडण्याला एस नव्हता

एका जंगलात, मुलांनो, इंग्रजीची साथ आली. हो, साथच. गोवर येतो ना, तशी. कुठलं जंगल ते विचारू नका. मधे बोललात तर गोष्ट बंद.

त्या जंगलात नदीकाठच्या वाळूत सगुणा नावाची टिटवी राहायची. ती पाणवठ्यावरची पहारेकरीण. वाघ दिसला रे दिसला, की 'टिटीव टिटीव' करून सारं रान डोक्यावर घ्यायची, आणि पाणी पिणारे सगळे वाट फुटेल तिकडे पळायचे. या कामाचा मोबदला एकच. टिटवी अंडी घालते उघड्या वाळूत, ना घरटं ना आडोसा. म्हणून पूर्वापार रिवाज होता, की पहारेकऱ्याच्या जागेला वळसा घालून जायचं. गवा असो नाहीतर रानडुक्कर, तिथे वाट वाकडी करायचीच. पहारा गेला की वळसाही गेला.

आणि सगुणाची अंडी तेव्हा फुटायला आली होती. हे लक्षात ठेवा.

अशात बगळेसर आले. सर पूर्वी गावातल्या एका इंग्रजी शाळेमागच्या डबक्यात उभे असायचे. खिडकीतून कानावर पडेल ते मासळीबरोबर गिळायचे. पांढरेशुभ्र कपडे, एक पाय वर, डोळे अर्धे मिटलेले. एवढ्यावर ते विद्वान ठरले. आपल्याकडेही ठरतात.

सरांनी वडाखाली वर्ग काढला. पहिलाच धडा असा, की कर्ता आणि क्रियापद यांचं जमलं पाहिजे. एकट्याने काम केलं तर क्रियापदाला एस लावायचा. अनेकांनी केलं तर लावायचा नाही.

झालं! जंगल येडंच झालं. एस म्हणजे काहीतरी बक्षीस आहे, असा सगळ्यांचा समज. एकट्यालाच मिळतो म्हटल्यावर कोल्ह्याने बायकोला माहेरी पाठवून दिलं. मुंग्यांनी मोर्चा काढला, की जन्मभर राबायचं आम्ही आणि एस कुणाला, तर त्या ऐतखाऊ अजगराला! पण मोर्चात मुंग्या पडल्या लाखो, त्यामुळे घोषणेलाही एस मिळेना. बिचाऱ्या आणखीच चिडल्या.

पहिल्या रांगेत दोन हरिणी बसायच्या, थोरली पिवळी आणि धाकटी ठिपकी. भारी हुशार हो! त्यांच्या कौतुकाखातर सरांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'द डीअर ड्रिंक वॉटर.' म्हणजे हरिणी पाणी पितात. हरिणी दोन, म्हणून ड्रिंकला एस नाही. डीअर मात्र एक असो की दोन, डीअरच. दोघी दिवसभर तेच घोकायच्या आणि पाणी प्यायला विसरायच्या.

वर्गाचं उद्घाटन वाघमहाराजांनी केलं. फळाही त्यांनीच दिला. वाघाला व्याकरणाचा एवढा पुळका कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. महाराज भाषणात म्हणाले, "यापुढे या रानात शुद्ध इंग्रजीत ओरडायचं. नाहीतर ओरडायचंच नाही." टाळ्यांचा कडकडाट झाला. हरिणींच्या टाळ्या सगळ्यात जोरात.

अंड्यांवर बसून सगुणा घोकू लागली. एक वाघ असेल तर टायगर कम्स, दोन असतील तर टायगर्स कम. जमत आलं होतं हो तिला! पण वर्गात कुणीतरी शंका काढली, की महाराज एकटेच, हे खरं. पण महाराज 'आला' म्हणतं का कुणी? 'आले' म्हणतात. मग एस लावला तर अपमान, आणि नाही लावला तर चूक. सरांनी पाय बदलून पाहिला. शेवटी म्हणाले, हे परीक्षेला येणार नाही.

दुसऱ्याच दिवशी आलं. पाणवठ्यावर दोघी हरिणी मान खाली घालून पाणी पीत होत्या, आणि सगुणाला गवतात पट्टे दिसले. तिने चोच उघडली. कम की कम्स? चोच तशीच उघडी राहिली. तेवढ्यात तिच्या पोटाखाली, एका अंड्यातून, आतून टकटक झाली.

खड्ड्यात गेलं तुमचं व्याकरण, म्हणत सगुणा उडाली आणि बोंबलली, "टिटीव! टिटीव! टिटीव!"

क्षणात पाणवठा मोकळा. महाराज मिशीला जीभ लावून परत गेले.

सकाळी सभा भरली. वाचलेले झाडून सगळे हजर. आभार मानायला नव्हे, चौकशीला! पिवळी उभी राहिली आणि म्हणाली, "जीव वाचला हे खरं, सगुणाबाई. पण त्या ओरडण्याला ना कर्ता, ना क्रियापद. कुणी पाहुणे असते तर आम्ही तोंड कुठे लपवलं असतं?"

पहारा गेला. तो मिळाला वर्गात पहिल्या आलेल्या श्रीरंग वानराला. श्रीरंग राहायचा झाडाच्या शेंड्यावर. तरी सगळे त्याच्या झाडाला वळसा घालू लागले, आणि सगुणाच्या वाळूतून गव्यांची वाट पडली. नशीब, पिलं त्याच सकाळी बाहेर आली होती. टिटवीची पिलं जन्मल्या दिवशी चालतात. त्यांना पुढे घालून सगुणा उथळ पाण्यातून पलीकडच्या काठावर गेली. जाताना रडली. रडणारच, जन्म तिथे गेला होता तिचा.

पुढे काय झालं? व्हायचं तेच. पट्टे पुन्हा गवतात दिसले. पलीकडून सगुणानेच आधी पाहिले. तिला काय गरज होती, सांगा? पण राहवेना. ओरडली, घसा फुटेस्तोवर ओरडली.

इकडे सगळ्यांना ऐकू गेलं. पिवळीने पाय तर उचललेही होते. पण अडाणी ओरडण्यावर चारचौघांत पळायचं कसं? तिने ते पुन्हा खाली ठेवले आणि श्रीरंगकडे पाहिलं. श्रीरंग फांदीवर ताठ उभा राहिला. खाकरला. महाराज एकटे, पण आदराने अनेक. म्हणजे कम. नाही, कम्स. नाही, कमच.

"द टायगर कम्स," तो शेवटी म्हणाला. अगदी बिनचूक.

वाघ तोवर येऊन, जेवून गेला होता.

संध्याकाळी वडाखाली शोकसभा झाली. श्रीरंगच्या वाक्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. मग सर उठले, फळ्यापाशी गेले आणि जुन्या वाक्यातल्या 'ड्रिंक'ला शेवटी एक एस जोडला. द डीअर ड्रिंक्स वॉटर. बाकी काहीच बदलावं लागलं नाही. ठिपकीने डोळे पुसले आणि वाक्य पाठ करायला घेतलं.

पलीकडच्या काठावर सगुणाला टाळ्या ऐकू आल्या. तिने पिलांना पंखाखाली घेतलं आणि ओरडायला शिकवू लागली.

तात्पर्य: संकट दिसताच ओरडू नये. ते एक आहे की अनेक, हे आधी मोजावं. जीव काय, आज आहे उद्या नाही. चूक मात्र लोकांच्या जन्मभर लक्षात राहते.